गुऱ्हाळातला क्वार्टर पाइप : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते सप्टेंबर २०२४

१४ जानेवारी २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवणार. मागच्या खेपेला स्केटबोर्डसाठी प्लायवूडचा रॅम्प केला तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं, जूनमध्ये तो फुगला, जुलैत त्याला बुरशी आली, ऑगस्टमध्ये बंबात गेला, आणि आता त्याची गोलाई नेमकी किती फुटाची घेतली होती ते कुणालाच आठवत नाही. प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतोय आणि प्रत्येकजण ठाम आहे.

परिस्थिती अशी आहे की आमच्या ओळखीतले कोल्हापुरातले स्केटबोर्डवाले मोजून सात, त्यातले नियमित चार. बाकीचे परीक्षा, लग्न आणि एमआयडीसीतली शिफ्ट यात अडकलेले. चालवतो कुठं तर पहाटे रिकाम्या रस्त्यावर नाहीतर एखाद्या पार्किंगमध्ये, वॉचमनला जाग येईपर्यंत. अशानं ऑली आणि किकफ्लिप या सपाट जमिनीवरच्या उड्यांच्या पुढं कुणी जात नाही कारण पायाखाली गोलाई कधी आलेलीच नाही. मी बंगळूरला दोन वर्षं नोकरीला होतो तेव्हा पहिल्यांदा काँक्रीटच्या क्वार्टर पाइपवरून, म्हणजे पाइपच्या चतकोर तुकड्यासारख्या गोल भिंतीवरून, ड्रॉप इन मारला, म्हणजे वरच्या काठावरून बोर्डसकट खाली उतरलो, आणि मनगट मुरगळून घरी आलो. दुसऱ्या रविवारी पट्टी बांधून परत गेलो. बोर्डचं नाक खाली जातं, पोटात खड्डा पडतो आणि मग भिंतच आपल्याला उचलून सपाटीवर सोडते, हे जे अर्धा सेकंद चालतं त्यासाठी हा सगळा उपद्व्याप आहे.

लोकांना सांगायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "स्केटिंग रिंक हाय की, मग आणि काय पायजे?" रिंक आहे, मान्य. चाकाचे बूट, इनलाइन, क्लासवाले सर, कठड्यावर बसलेले पालक, गोल फेऱ्या मारायला एक नंबर. पण स्केटबोर्डवाल्याला रिंक देणं म्हणजे पैलवानाला तांबड्या मातीऐवजी सतरंजी अंथरून देणं.

जागेचा विषय आज अचानक सुटला असं वाटतंय. संक्रांतीसाठी गावी आलोय, आणि आबांचं गुऱ्हाळ गेली सहा वर्षं बंद आहे.

१५ जानेवारी, सोमवार

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. गुऱ्हाळ बंद का पडलं तर माणसं मिळेनात, ऊस कारखान्याला जायला लागला, गुळव्या म्हातारा झाला. शेड अजून धडधाकट आहे, वर पत्रा, लोखंडी खांब, खाली कोबा. तिळगूळ दिला आणि लगेच विषय काढला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "असलं कुणी केलंय का खेडेगावात? का नुस्तं तुमच्या मोबाइलात?"

मग त्यांना जनवार सांगितलं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात, वाघांच्या जंगलाला लागून असलेलं छोटं गाव, तिथं उलरिके राइनहार्ट नावाच्या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये काँक्रीटचा स्केटपार्क उभा केला. गावात तोवर एकानंही स्केटबोर्ड बघितलेला नव्हता. नियम दोनच, शाळेला दांडी मारली की बोर्ड नाही आणि पहिला नंबर मुलींचा. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. आबा म्हणाले, "म्हंजे आधी तालमीतला हौद आणि मग पैलवान." बरोबर तसंच. आणि जवळचं उदाहरण पाहिजे तर पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्ण आणलं, वय १६, वडील सिक्युरिटी गार्ड. हे सांगितल्यावर काकू आतून बाहेर आल्या, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

परवानगी मिळाली. अट एकच, चुलवाणाला, म्हणजे रस उकळायच्या काहिलीखालच्या भट्टीला, हात लावायचा नाही. उद्या गुऱ्हाळ परत चालू केलं तर? मी हो म्हटलं. काहिलीखालचा तो गोल खड्डा बघून माझ्या मनात बाउल, म्हणजे वाटीसारखा गोल स्केटपार्क, फिरायला लागला होता हे मात्र बोललो नाही.

२१ जानेवारी, रविवार

माप घेतलं. आतून ६० फूट बाय २८ फूट, पण चुलवाणाकडची बाजू सोडली तर वापरायला ४४ बाय २८. पूर्वेकडं क्वार्टर पाइप, पश्चिमेकडं सरळ उताराचा बँक, मध्ये एक फूट उंचीचा लेज, म्हणजे कठडा. याच्यापेक्षा जास्त काही करायचं नाही. चौघांनी चार चित्रं काढली होती, त्यातल्या एकात तर पूर्ण पिरॅमिड होता, पैसे कुठून आणणार विचारल्यावर गप्प.

खरी मारामारी गोलाईवरून. उंची ३ फूट यावर एकमत. गोलाईची त्रिज्या ६ घ्यायची का ७? जितकी त्रिज्या लहान तितकी भिंत झटकन उभी होते, ज्याला येतं त्याला मजा आणि नवख्याला दातावर पडायची सोय. हिशोब केला, ३ फूट उंचीला ६ ची त्रिज्या घेतली तर वरच्या कडेला ६० अंशाचा कोन येतो, ७ घेतली तर ५५. पाच अंश म्हणजे काय मोठं असं वाटतं पण वर उभं राहून खाली बघितल्यावर कळतं. आमच्यात गोलाईवर कुणी धड चालवलेलंच नाही आणि येणार आहेत ती गावातली पोरं, म्हणून ७. सातच्या गोलाईला जमिनीवर ५ फूट ९ इंच लांबी जाते आणि वक्राची लांबी पावणेसात फुटाच्या आसपास. रुंदी १२ फूट.

मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि मशीन शॉपमधली डिझाइनची नोकरी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कामाला आली.

२८ जानेवारी, रविवार

मधल्या आठवड्यात एका मित्राच्या हट्टापायी एका सरकारी कार्यालयात सार्वजनिक जागेसाठी अर्ज घेऊन गेलो होतो. तीन टेबलं फिरलो, तिसऱ्यानं पहिल्याकडं पाठवलं. अर्जावर "रोलर स्केटिंग" लिहून आणा म्हणजे रकाना सापडेल म्हणाले. लिहून देऊन ठेवलाय, असू दे.

अमेरिकेत पोर्टलँडला बर्नसाइड पुलाखाली १९९० मध्ये पोरांनी कुणाला न विचारता सिमेंट ओतायला सुरुवात केली आणि शहरानं नंतर मान्यता दिली. ही गोष्ट आमच्यातल्या एकाला तोंडपाठ आहे, सारखी सांगतो. त्याला म्हटलं बाबा, तिथं त्यांनी केलं, इथं पुलाखाली एक पोतं सिमेंट ठेवून बघ, सकाळपर्यंत पोतं पण नसतंय.

४ फेब्रुवारी, रविवार

फर्मा, म्हणजे गोलाईचा साचा, तयार. १८ एमएम प्लायचे दोन कडेचे, एक मधला, आणि एक १२ एमएमचा उलटा फर्मा, म्हणजे पोटाला लावून गोलाई तपासायची पट्टी. उद्यमनगरात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कापून घेतले. ७ फुटाची दोरी बांधून हातानं पण आखता आलं असतं पण दोरी ताणली जाते, आणि मला या वेळी कुठलाही "अंदाजे" नको होता.

गवंडी मामा आज पहिल्यांदा आले. आमच्या गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. फर्मा हातात घेऊन उलटासुलटा केला, भिंतीला टेकवला, मग म्हणाले, "पोरा, ह्यो उतार न्हाय, ही भित्त बी न्हाय. ह्येच्यावर चढणार कोण?" व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला. मग म्हणाले की सरळ उतार करूया, ट्रॅक्टर चढवायला करतो तसा, पाणी पण निघून जाईल, सिमेंट पण कमी लागेल. अर्धा तास समजावलं. शेवटी आबांनी निकाल दिला, "त्याला पायजे तसं कर, पडला तर त्योच पडंल."

दर ठरले. मामा ९०० रोज, हाताखाली दोन गडी ६०० प्रत्येकी, बाकीचे गडी आम्ही फुकटातले.

११ फेब्रुवारी, रविवार

भराव. तळाला डबर, वर मुरूम, पाणी मारून धुम्मस. दोन ट्रॉल्या मुरूम गेला, हिशोबात दीड धरली होती. भराव कच्चा राहिला तर वरचं काँक्रीट पोकळीवर उभं राहतं आणि सहा महिन्यांत तडकतं, म्हणून थर सहा सहा इंचाचे आणि प्रत्येक थर बडवून. खांदे गेले. रात्री जेवताना घास तोंडापर्यंत जाईना.

कोपिंगचा पाइप पण आज बसवला. कोपिंग म्हणजे वरच्या काठाची लोखंडी नळी, ज्याच्यावर ट्रक, म्हणजे बोर्डखालचे चाकांचे लोखंडी आस, घासत जातात. दोन इंची एमएस पाइप, बाहेरून ६० एमएम भरतो. तो काठाच्या बाहेर थोडासा डोकवायला लागतो, नाहीतर चाकाला काठ कळतच नाही, आणि जास्त डोकावला तर चाक अडकून माणूस तोंडावर. मी मामांना ९ एमएम सांगितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणालो तीन सूत. "आसं मराठीत बोल की."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे साडेनऊ एमएम. मामांचा डोळा माझ्या व्हर्नियरपेक्षा फार मागं नाही, वेल्डिंग झाल्यावर तपासलं, एका टोकाला ९, दुसऱ्या टोकाला १०.

१८ फेब्रुवारी, रविवार. ओतकाम

सविस्तर लिहितो, परत करायची वेळ आली तर उपयोग होईल.

सळई ८ एमएमची, दोन्ही दिशांनी आठ आठ इंचावर, गोलाईला हातानं वाकवून बांधली. जाडी ४ इंच. हिशोब, १२ फूट रुंदी गुणिले पावणेसात गुणिले एक तृतीयांश, म्हणजे २७ घनफूट, वरचा प्लॅटफॉर्म धरून ४० च्या आत. एक : दीड : तीनचा माल (सिमेंट, वाळू, खडी), दहा पोती सिमेंट आणली, साडेनऊ लागली. खडी बारीक घेतली, मोठी खडी गोलाईवर थापताना वर येते आणि घोटाई बिघडते.

सकाळी सातला सुरुवात आणि साडेसातला पहिला घोळ. मिक्सरवाल्यानं सवयीनं पाणी ओतलं, स्लॅबला लागतो तसा सैल माल. गोलाईवर टाकला की वरून खाली घसरत येऊन तळाला पोट धरून बसायचा. थापीनं वर ढकला, परत खाली. मामा वैतागले, मी वैतागलो, सूर्य वर यायला लागला. मोठे पार्क बांधणारे लोक हे काम पंपानं माल फवारून करतात, आमच्याकडं पंप नाही, घमेलं आहे.

आबा तिथंच खुर्ची टाकून बसले होते. उठले, मूठभर माल घेतला, हातात वळला, तो बोटांतून ओघळला. म्हणाले, "ह्येची गोळी कुठं व्हतीया?"

गूळ तयार झालाय का बघायला गुळव्या काय करतो तर काहिलीतला थेंबभर रस गार पाण्यात टाकतो आणि बोटानं वळून बघतो, गोळी झाली की काहील उतरायची. चाळीस वर्षं आबांनी तेच बघितलेलं. मामांना लगेच पटलं. पुढचा सगळा माल गोळीवर घेतला, मुठीत दाबला की लाडू टिकला पाहिजे आणि तळवा फक्त ओला झाला पाहिजे. पाणी जवळजवळ निम्म्यावर आलं. पहिला सैल माल काढून मागच्या प्लॅटफॉर्मला वापरला.

त्यानंतर काम चाललं. खालून वर, दोन दोन फुटाचा पट्टा, कडेच्या फर्म्यांवर बारा फुटी सरळ पट्टी ठेवून दोन्हीकडून दोघांनी करवतीसारखी हलवत वर ओढायची. मग रंधा, मग थांबायचं, मग लोखंडी थापीनं घोटाई. थांबायचं हे सगळ्यात अवघड. लवकर घोटलं तर पाणी वर येऊन वरचा पापुद्रा कच्चा, उशीर झाला तर थापी लागतच नाही. मामा दर दहा मिनिटांनी अंगठा दाबून बघत होते. दीड वाजता म्हणाले आता, आणि चार वाजेपर्यंत त्या माणसानं पाणी सुद्धा प्यायलं नाही. फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून, उलटा फर्मा लावायचा, उजेड कुठं दिसतोय बघायचं, तिथं घासायचं. शेवटी शेवटी मी बॅटरी धरून मागून उजेड पाडत होतो आणि मामा ओरडत होते, "हिकडं, हिकडं, अजून एक केस हाय!"

दोन आठवड्यांपूर्वी ट्रॅक्टरचा उतार सुचवणारा हाच माणूस.

२८ फेब्रुवारी, बुधवार

दहा दिवस पाणी मारलं. गोणपाट टाकून सकाळ संध्याकाळ, दुपारी काकू. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट आहे, ते सावकाश घट्ट होतं, म्हणून सात दिवसांवर भागवलं नाही. आज गोणपाट काढलं. हात फिरवून बघितला तर काचेसारखं, फक्त डाव्या बाजूला तळाशी वीतभर जागेत लाटेसारखं लागतंय. सैल मालाची खूण. राहू दे.

१० मार्च, रविवार

एकवीस दिवस झाले, आज चाकं लावली.

पहिला कोण यावर चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी आली. वर उभा राहिलो, बोर्डची शेपूट कोपिंगवर, पुढचा पाय ट्रकवर, खाली आबा, काकू, मामा, गावातली वीसेक पोरं. वजन पुढं टाकायचं, बस, एवढंच करायचं असतं आणि तेवढंच होत नाही. तीनदा पाय मागं घेतला. पोरं हसायला लागली. चौथ्या वेळी टाकलं, आणि सातच्या गोलाईनं अलगद सोडलं, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलो, बँक अजून बांधलेला नाही हे तेव्हा आठवलं. कोपर सोललं.

मामांनी मला उचललं नाही. ते फर्मा घेऊन गोलाई तपासत होते, चाकानं काही उखडलंय का.

२४ मार्च, रविवार

वाईट बातमी. मागच्या रविवारी पश्चिमेचा बँक ओतला, तोही चुलवाणापासून पाच फूट सोडून, आणि आज सकाळी त्याच्या तळाला कोब्यात तिरकी भेग, नखभर रुंद, दहा फूट लांब. बँक पण एका कोपऱ्यात दोन सूत खचलाय.

कारण दुपारी सापडलं. चुलवाणातला धूर धुराड्यापर्यंत न्यायला कोब्याखालून विटांचा बोगदा आहे, आणि तो सरळ जात नाही, तिरका जातो. भेग बरोबर त्याच्या डोक्यावर. मी वरून माप घेतली, खाली काय आहे हे एकदाही विचारलं नाही. आबांना माहीत होतं. "तू इचारलंस कुठं?"

तीन टन वजन पोकळीवर ठेवलं होतं मी. डिप्लोमा.

मामा म्हणाले फोडायचं नको. बाजूनं दोन ठिकाणी कोबा उकरून बोगद्यात डबर ठासायचा, सैल माल ओतायचा, आता घ्या सैल. आबांची चुलवाणाची अट मोडतीये, कारण बोगदा बुजला की चुलवाण धूर ओढणार नाही. संध्याकाळपर्यंत आबा काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना ताटात बघूनच म्हणाले, "बुजवा." त्याच्यावर कुणी काही बोललं नाही, मी पण नाही.

१४ एप्रिल, रविवार

पोरं. ही नोंद आधीच करायला पाहिजे होती.

आम्ही चौघं शनिवार रविवार येतो, पण पोरं रोज येतात. शाळा सुटली की दप्तरासकट. बोर्ड तीनच, त्यातले दोन आमचे जुने. त्यामुळं काय होतं तर मोठी पोरं बोर्ड धरून बसतात, बारकी त्यांच्याकडं बघत बसतात आणि पोरी दारातून बघून जातात. काकूंनीच लक्षात आणून दिलं. "त्या जंगलातल्या गावात पोरींचा नंबर पयला म्हनलास न्हवं?"

सोमवारपासून पाटी लावली, पहिला अर्धा तास फक्त मुली. पहिल्या दिवशी एकही आली नाही आणि तीनही बोर्ड अर्धा तास भिंतीला टेकून पडले, पोरांचा जीव चाललेला. दुसऱ्या दिवशी माझी पुतणी तिच्या दोन मैत्रिणींना ओढत घेऊन आली. शुक्रवारी नऊ जणी होत्या. चप्पल काढून अनवाणी चढल्या बोर्डवर, ग्रिप टेपनं, म्हणजे बोर्डवरच्या खरखरीत पट्टीनं, तळवे लाल. बूट पाहिजेत, यादीत टाकलं.

आपल्याकडं पार्क कसे आले हे बघितलं तर गंमत वाटते. गोव्यात हणजूणला निक स्मिथ नावाच्या ब्रिटिश स्केटरनं बांधला, बंगळूरला २०१३ मध्ये होलीस्टोक्ड या स्केटबोर्डवाल्यांच्या गटातल्या पोरांनी परदेशी स्वयंसेवकांच्या मदतीनं, जनवार तर सांगितलंच. बाहेरून कुणीतरी येतो, काही आठवडे घाम गाळतो, पार्क होतो आणि तो विमानानं परत जातो. मागं उरतो तो झाडू. झाडू कुणी मारायचा यावर पार्क जगतो का मरतो ते ठरतं हे माझं मत झालंय, कारण एक खडा चाकाखाली आला की बोर्ड जागेवर थांबतो आणि माणूस पुढं जातो. इथं झाडू सध्या पुतणी मारते. पोरांपैकी जो उशिरा येईल त्यानं पाणी शिंपडायचं हा तिनं परस्पर केलेला नियम आहे, मला विचारलेलं नाही.

१९ मे, रविवार

बोर्ड वाढवायचे म्हणून एका ऑनलाइन दुकानातून पाच स्वस्तातले मागवले, बाराशेला एक. खेळणं निघालं. डेकचा, म्हणजे फळीचा, प्लाय तिसऱ्या दिवशी उसवला, प्लॅस्टिकची चाकं कोब्यावर खडखड करत जागेवर झिजली. पैसे परत मिळाले नाहीत. चांगला बोर्ड आठ नऊ हजाराच्या खाली येत नाही, सात थरांचा मॅपल, धातूचे ट्रक, घट्ट युरेथेनची चाकं, हे सगळं बाहेरून येतं.

पण बेअरिंगचा शोध लागला. स्केटबोर्डचं बेअरिंग म्हणजे ६०८, आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ एमएम, म्हणजे आमच्या शॉप फ्लोअरवर कचऱ्यासारखं पडलेलं असतं ते! गावातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ग्रीस धुवून पातळ तेलाचे दोन थेंब टाकले की पळतं. एका बोर्डला आठ लागतात. शहरातल्या पोरांनी जुने ट्रक आणि झिजलेले डेक दिले, आता चालू स्थितीत नऊ बोर्ड आहेत. शनिवारी दुपारी चार पोरं बसून बेअरिंग धुतात, रॉकेलच्या वासानं शेड भरतं, काकू शिव्या घालतात.

२८ जुलै, रविवार

पाणी. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या वर गेली, निम्मे रस्ते बंद, शिफ्ट बंद, मी गावातच अडकलोय. खालचा सगळा ऊस पाण्यात, गुऱ्हाळ उंचवट्यावर आहे म्हणून वाचलंय. शाळा पण बंद, म्हणजे सकाळी आठपासून शेडमध्ये चाकांचा आवाज. पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की शेजारी उभा असलेला ओरडला तरी ऐकू येत नाही, पोरं हातवारे करून नंबर लावतात.

कोबा भिंतीकडून थोडा ओला होतो. पुढच्या वर्षी पन्हळ.

रात्री मोबाइलवर ऑलिम्पिक बघितलं, स्केटबोर्डिंगमधला मुलींचा स्ट्रीट प्रकार. एका फोनसमोर चौदा डोकी, रेंज येऊन जाऊन. जपानची कोको योशिझावा जिंकली, वय १४. पुतणी १२ ची आहे. काही बोलली नाही, पण नंतर बराच वेळ बोर्ड मांडीवर घेऊन चाक फिरवत बसली होती.

७ ऑगस्ट, बुधवार

हा आठवडा कोल्हापूरचा. १ तारखेला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य आणलं, गावोगाव फटाके, आमच्याकडं आबांनी पेढे वाटले, गुऱ्हाळात पण एक खोका आला. काल मुलींच्या पार्क प्रकारात ऑस्ट्रेलियाची अरिसा ट्रू पहिली, ती पण १४ ची, आणि चीनची झेंग हाओहाओ तर ११ वर्षांची. पोरींनी तिचं वय तीन वेळा माझ्याकडून वदवून घेतलं.

आज संध्याकाळी पुतणी प्लॅटफॉर्मवर चढली. गेला महिनाभर ती खालून वर जाऊन परत येते, पंप करते, म्हणजे गुडघ्यांच्या जोरावर वेग घेते, रॉक टू फेकी, म्हणजे काठावर बोर्ड टेकवून तसंच उलटं खाली येणं, ते पण एकदा झालं, पण वरून ड्रॉप इन कधी नाही. "मी उतरतो आता," म्हणाली. मी हात देतो म्हटलं तर नको. शेपूट कोपिंगवर ठेवली, खाली बघितलं, मग समोर बघितलं. बाकी सगळे थांबले, एरवी हे कधी होत नाही.

पाय टाकला पण अर्धवट टाकला, वजन मागं राहिलं, बोर्ड पुढं पळाला आणि ती पाठीवर. आवाज मोठा आला. काकू धावल्या. ती उठली, गुडघ्यावरची माती झाडली, काकूंना म्हणाली, "थांब गं आज्जे," आणि परत वर. दुसऱ्या वेळी पण पडली. तिसऱ्या वेळी चारही चाकं गोलाईला एकदम लागली, टक्क असा आवाज येतो तो, आणि ती थेट बँकपर्यंत जाऊन वळून परत आली. चेहऱ्यावर काही नाही. झाडू उचलला आणि म्हणाली डाव्या बाजूला तळाला अजून लाट हाय, तिथं चाक नाचतंय.

पाच महिन्यांपूर्वी मी हात फिरवून "राहू दे" म्हटलं होतं, तीच जागा.

१ सप्टेंबर, रविवार

लाट काढली. ग्राइंडर भाड्यानं आणून, फर्मा लावत, दोन तास धूळ. मामा आले होते, मी बोलावलं नव्हतं, कुणीतरी सांगितलं असणार. मला ग्राइंडर धरू दिला नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

गणपतीत दहा दिवस शेड ओस होतं, सगळी पोरं लेझीम आणि ढोलाला. आता परत गर्दी. वहीत नावं मोजली तर ३१, त्यात मुली १३. शहरातून पण लोक यायला लागलेत, मागच्या रविवारी सांगलीहून दोघं बाइकवर बोर्ड बांधून आले. त्यांना तिकडं असंच काहीतरी करायचंय. फर्म्याचं माप, मालाचं प्रमाण, कोपिंगचं तीन सूत, सगळं लिहून दिलं. कोब्याखाली काय आहे ते आधी विचारा, हे मोठ्या अक्षरात.

खर्चाचा हिशोब पण आज बंद केला. सिमेंट, सळई, पाइप, मुरूम, मजुरी, भाडी, बूट आणि त्या पाच खेळण्यांसकट ५८,४०० रुपये. चौघांत वाटून प्रत्येकी १४,६००, आबांनी वर ५००० दिले ते बुटांच्या पुढच्या खेपेला ठेवलेत. कार्यालयातल्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

मामा संध्याकाळी आले, पाच मिनिटं पोरांकडं बघत उभे राहिले, मग मला बाजूला घेतलं. त्यांचं एक गिऱ्हाईक आहे, नवीन गोठा बांधतंय. गव्हाणीच्या कोपऱ्यात वैरण अडकून कुजते म्हणून मामांनी त्याला सांगितलंय की कोपराच ठेवू नको, आतून गोलाई दे, म्हशीची जीभ शेवटपर्यंत पोचंल. "आपल्यासारखीच गोलाई, पर बारकी. सव्वा फुटाची. तेवढा फर्मा कापून दे की."

शनिवारी देतो म्हटलं. १२ एमएम प्लायचा एक तुकडा उरलाय, त्यात बसेल.